डोक्यावर डावा हात

सोलापुरात मी जॅझ वाजवायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडं बघतात, मग हसतात आणि मग विचारतात, "सोलापुरात?" जसं काही सोलापुरात फक्त चादरीच विणल्या जातात आणि शेंगाची चटणीच कुटली जाते! अहो, दर शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते नऊ, रेल्वेवाल्यांच्या क्लबात, पाच वर्षं वाजवलंय. एक शनिवार चुकवला नव्हता. मग चुकवले ते सलग चुकवले, आणि ते का, हेच सांगायला बसलोय.

नावं कुणाचीच घालत नाही. जे हयात आहेत ते भांडायला येतील, आणि जे नाहीत त्यांच्या वतीनं त्यांची पोरं येतील.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो आणि राहायला शुक्रवार पेठेत. आमच्याच बोळात एक लग्नाचा बँड होता. त्यात मी शाळेत असल्यापासून क्लॅरिनेट वाजवायला शिकलो, आणि नोकरी लागल्यावरही लग्नसराईत रजा टाकून वाजवायला जायचो. एकदा एक वरात रेल्वेच्या फाटकाशी अडकली. फाटक बंद, सिग्नल पडेना, मालगाडी समोर उभी. नवरदेव घोड्यावर उन्हात भाजतोय, घोडं वैतागलेलं. आम्ही आपलं वाजवतोय. चाल संपली की पुन्हा तीच. चौथ्या वेळी मला कंटाळा आला, आणि मी मधेच चालीतून सटकून आपलं काहीतरी वरखाली वाजवत सुटलो. बँडमास्तरांनी डोळे वटारले. पण मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून गार्डानं हिरवं निशाण बाहेर काढून माझ्याकडं रोखलं आणि ओरडून विचारलं, "तो क्लॅरिनेट कोणाचो?"

दुसऱ्या दिवशी हे गार्डसाहेब पार्सल ऑफिसात हजर. गोव्याचे, पन्नाशीचे, पोट सुटलेलं, मिशी तेल लावून वळवलेली. काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "काल तू चालीच्या भायर आलो. दोन मिनिटं. मग भिऊन परत गेलो. का?"

मी म्हटलं, "मास्तर रागावतात."

"शनिवारी क्लबात ये. थंय कोण रागावत नाही."

असा मी जॅझमध्ये आलो. गार्डसाहेब पियानो वाजवायचे. ड्रमवर पूर्वभागातला एक पद्मशाली गडी होता, आठवडाभर मागावर बसणारा, घरी तेलुगू बोलणारा, हातापायांनी चार वेगळी कामं एकदम करायची त्याला जन्मापासून सवय. ट्रंपेटवर आमच्या बोळातल्या बँडमधलाच एक दोस्त, दख्खनी बोलणारा, फुप्फुसं अशी की फुंकणी लाजावी. आणि मी. चौघंच.

वाजवायची रीत साधी होती. आधी सगळ्यांनी मिळून मूळ चाल वाजवायची. मग एकेकानं त्या चालीतून बाहेर पडून मन मानेल तसं भटकून यायचं. गार्डसाहेब त्याला 'फिरायला जाणं' म्हणत. आधी ट्रंपेट फिरून यायचा, मग पियानो, शेवटी मी. आणि माझं फिरून झालं की सगळ्यांना घरी आणायचं काम माझं. त्याची खूण ठरलेली होती: डोक्यावर हात. हात डोक्यावर गेला की पुढच्या ठोक्याला सगळ्यांनी एकदम, पूर्ण जोर लावून मूळ चालीवर यायचं.

आता हे काम माझ्याकडंच का? तर गार्डसाहेबांचे दोन्ही हात पियानोवर, आणि पियानो भिंतीशी असल्यामुळं त्यांची आमच्याकडं पाठ. ड्रमवाल्याचे हातपाय सगळेच गुंतलेले. ट्रंपेटवाला डोळे मिटून वाजवायचा, त्याला स्वतःचाच पत्ता नसायचा. क्लॅरिनेटवर मात्र एक सूर असा आहे की सगळी भोकं उघडी टाकली की तो आपोआप निघतो. वाद्य उजव्या अंगठ्यावर तोललं की झालं, डावा हात मोकळा. मी तो सूर लांबवायचा, डावा हात डोक्यावर ठेवायचा, ड्रमवाला आणि ट्रंपेटवाला बघणार, गार्डसाहेब ड्रमचा ठोका धरणार, आणि धडाड्! चौघं एकदम घरात. त्या क्षणाला अंगावर काटा यायचा. अजून येतो.

रोजच्या वाजवण्यात मात्र सगळंच धडाड् नसतं. क्लबातले निम्मे लोक हाऊजी खेळायला यायचे. मी जीव ओतून फिरायला निघालोय आणि माइकवरून कुणीतरी आकडे पुकारतोय. पुकारणाराही असा बेरका, की माझा सूर वर गेला की आपला आवाज त्याच्याही वर न्यायचा. उन्हाळ्यात क्लॅरिनेटच्या तोंडाची बोरूची पट्टी, म्हणजे रीड, वाळून खडंग व्हायची. पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगून दाबल्या की दाबलेल्याच राहायच्या. गार्डसाहेब उजव्या हातानं वाजवत डाव्या हाताच्या नखानं पट्टी वर उचलायचे, आणि तेवढ्यात शिवीही द्यायचे, तीही तालात. एका मिल अधिकाऱ्याच्या बायकोनं नवऱ्याच्या वाढदिवसाला एकच गाणं सात वेळा वाजवायला लावलं. आठव्या वेळी ड्रमवाल्यानं काठ्या खिशात घातल्या आणि तो चहा प्यायला गेला.

आणि एका शनिवारी असा पाऊस की क्लबात आम्ही चौघं आणि क्लबचा चौकीदार. म्हटलं, आता काय वाजवायचं, आणि कुणासाठी? गार्डसाहेब म्हणाले, "चौकीदार माणूस न्हय?" त्या दिवशी आम्ही जे वाजवलं ते पुन्हा कधी जमलं नाही. चौकीदार शेवटी म्हणाला, "लई भारी. आता दिवे बंद करू?"

असं चाललं होतं. मी खुशीत होतो. आणि मग घरच्यांनी माझ्या लग्नाचा घाट घातला.

मुलगी श्रीपूरची, साखर कारखान्याच्या वसाहतीतली. वडील बॉयलरवर होते आणि पाळी बदलायचा भोंगा त्यांच्या हातात असायचा. अख्खा गाव त्यांच्या भोंग्यावर जेवायचा, झोपायचा आणि घड्याळं लावायचा. रोज सकाळी रेडिओचे टोले ऐकून ते साखळीचं घड्याळ जुळवून घ्यायचे. पंढरपूरला एसटी बदलून आम्ही पोचलो तर दारातच म्हणाले, "चौदा मिनिटं उशीर झाला की वो." मी मनात म्हटलं, मेलो.

मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली. मी मान खाली घालून बसलो होतो, रिवाजाप्रमाणं. बशी घेताना तिची नजर माझ्या उजव्या अंगठ्यावर गेली. क्लॅरिनेटचं सगळं वजन त्याच अंगठ्यावर येतं, वर्षानुवर्षांनी तिथं घट्टा पडतो. कुणी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "अंगठ्याला काय झालंय तुमच्या?"

तिची आई कपाळाला आठ्या घालून बघायला लागली. मी म्हटलं, "वाजवून वाजवून घट्टा पडलाय."

"दुखत न्हाय?"

"आता नाही."

बस्, एवढंच बोलणं. पण आजवर कुणी मला ते विचारलं नव्हतं, माझ्या आईनंसुद्धा नाही. मला ती तिथल्या तिथं आवडली. खोटं कशाला बोलू?

ती आत गेल्यावर सासरे, म्हणजे होणारे, घसा खाकरून बोलले. "पोरगी देतो. पर एक सांगतो. जावई रेल्वेत हाय म्हणून देतोय, बँडात हाय म्हणून न्हवं. लग्नापासनं त्ये वाजवणं बंद. माझ्या पोरीच्या नवऱ्याला लोकांच्या मांडवात उभं राहून फुंकताना मला बघायचं न्हाय."

मी सांगणार होतो की आता मांडवात नाही, क्लबात वाजवतो. पण माझे वडील, जन्मभर शेतात राबून माझ्या नोकरीवर टेकलेले, पटकन म्हणाले, "बंद म्हणजे बंद!" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. आतल्या दाराशी पडदा हलला. मी म्हटलं, "बरं."

शब्द दिला. त्या एका शब्दाचा मला परतीच्या एसटीत इतका राग आला की पंढरपूरपर्यंत मी वडिलांशी बोललो नाही, आणि पंढरपूरपासून सोलापूरपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

लग्नाआधीच्या शनिवारी शेवटचं वाजवलं. गार्डसाहेबांनी भाषणबिषण केलं नाही. पियानो बंद करताना एवढंच म्हणाले, "आता आमका घरी कोण हाडतलो?" आता आम्हाला घरी कोण आणणार? मी वाद्य पेटीत घातलं आणि निघालो.

दोस्तांनी मात्र हट्ट धरला, लग्नात आम्ही वाजवणार. सासऱ्यांची हलगी-सनई ठरलेली होती. शेवटी तोड निघाली ती अशी: मिरवणुकीला आणि पंगतीला हलगी-सनई, पण अक्षता पडतात त्या क्षणाला माझे तिघे दोस्त. सासरे कबूल झाले. "शेवटचंच हाय तर वाजवा. पर मी रुमाल हलवल्याबिगर एक सूर निघता कामा न्हाय. मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटांचा हाय. सोळा न्हाय, अठरा न्हाय."

लग्नाच्या दिवशी ऊन असं की मांडवाचं कापडसुद्धा घामेजलं असावं. उजनीकडचे पाहुणे ट्रॅक्टर भरून आले होते. गार्डसाहेब अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून, ड्रमवाला एकच ड्रम घेऊन, ट्रंपेटवाला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, असे तिघे बोहल्याच्या उजव्या अंगाला उभे. बाराचा भोंगा झाला. सासऱ्यांच्या जागी त्या दिवशी त्यांचा मदतनीस भोंग्यावर होता. सासऱ्यांनी घड्याळ बघून कपाळाला आठी घातली. "चार सेकंद उशीर."

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या एका बाजूला मी, पलीकडं ती. माझ्या हातात हार. भटजींनी आपली कडवी म्हटली, मग नवरीच्या आत्याबाई पुढं झाल्या. त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं, आणि त्यात दोन्हीकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना गोवलं होतं. एक कडवं संपलं की 'सावधान', थोड्या अक्षता, आणि लगेच पुढचे चुलते. दोस्त बिचारे वाद्यं सरसावून ताटकळलेले. त्यात माझ्या मामांनी मला फेटा बांधला होता तो उन्हानं सैल होऊन डाव्या डोळ्यावर यायला लागला. एक कडवं मी सोसलं. दुसऱ्याला तो नाकापर्यंत आला. तिसऱ्या 'सावधान'ला मी हार उजव्या हातात घेतला आणि फेटा सावरायला डावा हात डोक्यावर ठेवला.

धडाड्!

तिघं एकदम. ड्रम, ट्रंपेट, अ‍ॅकॉर्डियन, पूर्ण जोर लावून, शनिवारची शेवटची चाल. पाच वर्षांची सवय, दुसरं काय होणार? वाजायला लागलं म्हणजे लग्न लागलं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोकांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता एका दमात उधळल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडून दिला. आत्याबाई नवव्या चुलत्यावर अडकल्या. आणि समोर ती उभी. मला वाटलं रडत असेल. ती हसत होती! ओठ दाबून, खांदे हलवत, मुंडावळ्या थरथरतायत अशी हसत होती.

"बंद करा! बंद करा!" सासरे रुमाल हलवत धावले. रुमाल हलला म्हणून ड्रमवाल्यानं अजून जोर लावला. शेवटी भटजींनी हात जोडले तेव्हा कुठं थांबलं.

बारा वाजून तेरा मिनिटं झाली होती. भटजी म्हणाले, मुहूर्ताआधी लागलेलं लागलं असं मी म्हणणार नाही, अंतरपाट पुन्हा धरा. धरला. पण अक्षता? मांडवात एक दाणा कुणाच्या हातात नाही. बायका चटईवरून वेचायला लागल्या, कुणीतरी भटारखान्यात पळालं आणि पंगतीच्या भातासाठी निवडलेले पांढरे तांदूळ घमेल्यात घालून आणले. हळद-कुंकू लावायला वेळ नाही, तसेच वाटले.

इकडं सासरे दोस्तांसमोर उभे. "कुणी वाजवाय सांगितलं?"

ट्रंपेटवाला माझ्याकडं बोट करून म्हणाला, "हम क्या करते जी? हाथ तुमारे जावईच रखे ना सर पो!"

"हात? कसला हात?"

आता मला सांगणं भाग होतं. अंतरपाटाच्या आडून, नवरदेवाच्या वेषात, मी त्यांना समजावून सांगितलं, की मामा (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो), आमच्यात अशी रीत आहे, मी डावा हात डोक्यावर ठेवला की सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. पलीकडून हसू फुटल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्या तिघांकडं, मग वर मांडवाकडं. "अरारारा!" असं म्हणून त्यांनी डावा हात टोपीवर मारला आणि तसाच ठेवला.

धडाड्!

देवाशपथ सांगतो, त्या तिघांनी मुद्दाम केलं नाही. ड्रमवाला पुढं कित्येक वर्षं म्हणायचा, "हात दिसला, काठी पडली." सासरे हात डोक्यावर ठेवूनच गोठले. आणि भटजी आपल्या मनगटाकडं बघून मोठ्यांदा ओरडले, "सतरा! हाच मुहूर्त! टाका अक्षता!"

पांढरे तांदूळ पडले. अंतरपाट पडला. तिनं माझ्या गळ्यात हार घातला, मी तिच्या. आमच्या लग्नाचा इशारा सासऱ्यांनी स्वतःच दिला, आणि तोही सेकंदाला. दिवसभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मात्र पंगतीत गार्डसाहेबांना वाढताना विचारत होते असं मी ऐकलं, "हात बघितल्यापासनं किती येळात वाजतंय त्ये?" गार्डसाहेब म्हणाले, "वेळ लागतच नाही." सासरे बराच वेळ वाढपी होऊन तिथंच उभे राहिले.

पण शब्द तो शब्द. सोलापूरला आल्यावर पेटी कपाटावर गेली. आमचा दोन खोल्यांचा संसार सुरू झाला आणि चांगला सुरू झाला, तिच्यासारखी हसरी बाई मी पाहिली नाही. सोमवार ते शुक्रवार मीही माणसात असायचो. शनिवारी संध्याकाळ झाली की माझं डोकं फिरायचं. भाजीत मीठ जास्त, दिवा मंद, खिडकी का उघडी, खिडकी का बंद. साडेसहाला बोटं आपोआप ताटाच्या कडेवर नाचायला लागायची. पाच-सहा शनिवार तिनं ऐकून घेतलं. मग एकदा ताट पुढ्यातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "काय चाललंय हे? वाजवायचं हाय तर वाजवा की!"

"मी शब्द दिलाय."

"तुमी दिलाय, मी न्हाय दिला. मी तर तुमाला अजून ऐकलंबी न्हाय."

ही माझी बायको, माझ्या अंगठ्यावर भाळून आलेली, आणि हिनं मला कधी ऐकलंच नव्हतं. तिनं माझा उजवा हात हातात घेतला, अंगठा दाबून पाहिला. "मऊ पडला," म्हणाली. मला रडू आलं. आलं तर आलं, काय करता!

तिनं वडिलांना कार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं ते मला पुढं कळलं: जावई दर शनिवारी आजारी पडतात, येऊन बघून जा.

सासरे बरोबर शनिवारी दुपारी दारात. खांद्यावर साखरेची पिशवी, चेहऱ्यावर काळजी. "काय होतंय, जावईबापू?"

मी म्हटलं, "काही नाही, मामा. मी ठणठणीत आहे."

"मग ही का असं लिहिती?"

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "सांजच्याला चला की आमच्या संगं. औषध हितंच रेल्वेच्या क्लबात मिळतंय."

मी तिच्याकडं डोळे वटारले, तर ती पोळी लाटण्यात दंग. लग्नानंतर त्या क्लबाच्या रस्त्यानंही मी गेलो नव्हतो. पण सासऱ्यांपुढं नाही कसं म्हणणार? निघालो. तिच्या हातात कापडी पिशवी होती, म्हटलं बाजारहाट करायचा असेल.

गार्डसाहेबांनी आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सासरे काळा कोट, पांढरी टोपी, ताठ. हाऊजीवाले टकामका बघतायत. माझ्या जागी कुणाला घेतलं नव्हतं, तिघंच वाजवत होते. चाल वाजली. छान वाजली. मग ट्रंपेटवाला डोळे मिटून फिरायला निघाला. निघाला तो निघालाच. पियानोची आमच्याकडं पाठ, गार्डसाहेब आपली साथ देतायत. ड्रमवाला घामानं निथळतोय. ट्रंपेट परत यायचं नाव घेईना, त्याला कळायचं कसं की आता पुरे? गेले कित्येक शनिवार हे असंच चाललं होतं म्हणे, कुणीतरी दमला की संपायचं.

सासऱ्यांनी घड्याळ काढलं. "ह्येच चाललंय की वो. नऊ मिनिटं झाली."

मी हात मांड्यांखाली सरकवले.

"ह्यांची पाळी बदलत न्हाय व्हय?"

मी म्हटलं, "बदलायला कुणी नाही, मामा."

ते चुळबुळायला लागले. अकरा मिनिटं. भोंगा द्यायची वेळ झालीय आणि दोरीला हात लावायला कुणी नाही, अशी त्यांची घालमेल झाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. तसे दाबले नसते तर डावा हात कधीच वर गेला असता आणि माझा शब्द मोडला असता. ते माझ्या मांड्यांकडं बघत राहिले. ट्रंपेट तसाच भटकत होता.

मग त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, ताठ बसले आणि डावा हात उचलून टोपीवर ठेवला.

ड्रमवाल्यानं बघितलं, सवयीनं काठी पडली, आणि त्या ठोक्याला धडाड्! तिघं एकदम घरात. हाऊजीचे आकडे थांबले. क्लबातले लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि सासरे हात टोपीवर तसाच ठेवून लहान पोरासारखे हसत होते. भोंगा दिला की अख्खा कारखाना हलायला अर्धा तास लागतो, म्हणाले, आणि हितं बघा!

माझ्या मांडीवर काहीतरी जड पडलं. तिची कापडी पिशवी. आत पेटी.

मी पिशवीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, आणि शेवटी धीर करून सासऱ्यांकडं. ते समोरच बघत होते. टोपी नीट करत म्हणाले, "जावईबापू, मला दर शनवारी श्रीपूरवरनं यायला जमायचं न्हाय."

मी उठलो. इतक्या दिवसांत वाळलेली रीड, पहिला सूर फाटकन फाटला. हाऊजीवाले हसले. सासऱ्यांनी पुन्हा घड्याळ काढलं, आणि ती पहिल्या रांगेत, पिशवीची घडी घालून, मला पहिल्यांदा ऐकायला बसली.